गाडीवरचा बर्फ काढून झाला, वसुधाताई

वसुधाताई, टोकियोच्या मराठी मंडळींचा अंक निघतोय. त्यासाठी तुमच्यावर काहीतरी लिहून द्या असा फोन आला, तेव्हा मी सवयीने म्हणालो, "ताईंना विचारून सांगतो." मग माझं मलाच कळलं मी काय बोललो ते. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि माझी जीभ अजून तुमच्या परवानगीने चालते.

त्यांना तुमच्या पदव्या, संशोधन, जपानात किती वर्षं होतात वगैरे हवं होतं. ते सगळं विद्यापीठाने नीट छापलंय, फोटोसकट. फोटोत तुम्ही हसत नाही, ते मला आवडलेलं नाही. मी सांगून टाकलं, चरित्र माझ्याच्याने होणार नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं आणि ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात, असं मी समजत होतो.

मी सेंदाईत आलो तो कंत्राटावर. तेव्हा पुण्यातून जो तो जपानला निघाला होता. आमच्या कंपनीने बाकी सगळ्यांना टोकियोत ठेवलं आणि मला एकट्याला उत्तरेला पाठवलं, एका प्रयोगशाळेचा डेटाबेस करायला. मला वाटलं होतं, कुणीतरी कडक जपानी प्राध्यापक असतील. पांढऱ्या कोटातल्या तुम्ही समोर आलात आणि म्हणालात, "पुण्याचा का? म्हणजे आधी माझी चूक काढणार आणि मग नमस्कार करणार." मी खरंच तुमच्या तक्त्यातली एक चूक शोधूनच आलो होतो. तेव्हापासून आपलं जमलं.

कामाचं सांगताना तुम्ही पुस्तकी बोलला नाहीत. उत्तरेकडच्या लांबच्या गावांत कुणाला असा ताप आला, की जंतू थेट रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत अशी शंका यावी, तर पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी थोडं रक्त एका बाटलीत घ्यायचं आणि ती बाटली आपल्याकडे पाठवायची. बाटलीत जंतूचं खाणं असतं. तो जिवंत पोचला तर वाढतो, मग तो कोण, कुठल्या औषधाला दबतो, कुठल्या गावातून कुठे चाललाय, हे कळतं. "दही लावण्यासारखं आहे," तुम्ही म्हणालात. "विरजण जिवंत हवं आणि ऊब हवी." माझी बायको अनघा तेव्हा सेंदाईच्या थंडीत दही लागत नाही म्हणून रडकुंडीला आली होती. त्याच संध्याकाळी तुम्ही घरी येऊन पातेलं जुन्या साडीच्या गोधडीत गुंडाळून दिलंत. सकाळी दही घट्ट लागलं आणि अनघाने तुम्हाला सासर-माहेर दोन्हीकडचं नातं देऊन टाकलं.

बाटलीत काही वाढलं की तुमचा मला फोन यायचा, "उगवलं रे!" एवढंच. मला ते पहिल्यांदा फार विचित्र वाटायचं. कुणाच्या तरी रक्तात जीवघेणा जंतू सापडतो आणि ही बाई सूर्य उगवल्यासारखं सांगते! एकदा मी तसं बोललोही. तुम्ही म्हणालात, "तो आधीपासून होताच ना? आता फक्त दिसला. दिसला की मारता येतो." 

मग ते वरचं गाव. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, आपण आपसात त्याला वरचं गावच म्हणायचो. डोंगरातल्या घाटाच्या शेवटी, हिवाळ्यात अर्धा वेळ रस्ता बंद. तिथला दवाखाना कुदो-सान नावाच्या नर्सबाई चालवायच्या. डॉक्टर आठवड्यातून कधीतरी यायचे, बाकी वेळ फोनवर. त्या दवाखान्यातून बाटल्या नियमित यायच्या, लेबल इतकं सुबक की फ्रेम करून लावावं, आणि एकातही कधी काही उगवायचं नाही. माझ्या पडद्यावर त्या गावापुढे शून्य. बैठकीत ठरत आलं, की या गावात आजार नाही, ते यादीतून काढू आणि तिथल्या बाटल्या दुसरीकडे देऊ.

"हे शून्य मला आवडत नाही," तुम्ही म्हणालात.

"ताई, शून्याला आवडनावड नसते. प्रोग्राम बरोबर आहे."

"प्रोग्रामला कोण बोलतंय? आजूबाजूच्या सगळ्या गावांत सापडतं आणि इथेच नाही? अख्खं गाव हिवाळाभर एकेका खोलीत दाटीने बसतं. इथे काय देव पहारा देतो?"

आणि त्याच हिवाळ्यात ती मुलगी आजारी पडली. आमच्या लेकीच्या, सईच्या वयाची, नुकती बालवाडीत जाणारी. मेंदूज्वर. कुदो-साननी पद्धतीप्रमाणे आधी रक्त घेतलं, मग डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं इंजेक्शन दिलं आणि तिला ॲम्ब्युलन्समधून शहरात पाठवलं. मुलगी वाचली, पण दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं. तिच्या बाटलीत काहीही उगवलं नाही. शहरातल्या रुग्णालयातही नाही, कारण तोवर औषध अंगात गेलेलं. कुठल्या जंतूने तिचे कान नेले ते कुणालाच कळलं नाही. जंतू सापडल्याशिवाय नोंद नाही, या नियमाप्रमाणे तिची नोंद होत नव्हती. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "मिलिंद, ती मुलगी आपल्या नकाशावर नाही. म्हणजे आपल्या लेखी ती आजारीच पडली नाही." तुमचा आवाज असा मी त्याआधी ऐकला नव्हता. अशा मुलांसाठीची लस इकडे तेव्हा मिळत नव्हती. ती यावी म्हणून बोलणाऱ्यांच्या हातात आपले आकडेच तेवढे होते, आणि गाव एकदा यादीतून गेलं की पुढच्या मुलीसाठी बोलणारंही कुणी उरणार नव्हतं.

पुढच्या बैठकीआधी तुम्ही म्हणालात, "गाडी काढ." तुम्हाला गाडी येत नव्हती आणि घाटातल्या बर्फावर चालवायला मला येत नव्हती, हे आपल्याला वाटेत कळलं. तुम्ही थालीपिठं आणली होती. मी दर वळणावर देवाचं नाव घेत होतो आणि तुम्ही मला दही-थालीपीठ भरवत होतात.

कुदो-सान दारातच उभ्या होत्या. बुटक्या, ताठ, गालांवर थंडीने लाली. त्यांनी चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं, आणि न विचारता सगळा दवाखाना उघडून दाखवला. तुम्ही काही तपासायला आलाय असं त्यांना जाणवू न देता प्रश्न विचारत होतात. बाटली घेतली की कुठे ठेवता? त्यांनी कौतुकाने फ्रिज उघडला. लसींच्या शेजारी, एका स्वच्छ ट्रेमध्ये, एक बाटली ठेवलेली होती. रस्ता उघडला की तिथून ती थंड पार्सलने सेंदाईला यायची, मासे आणि मिठाया जातात तशी.

माझ्या तोंडून "अहो, फ्रिजमध्ये?" असं निघालं असतं. तुम्ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलात.

कुदो-सान सांगत होत्या, आपल्या कागदावर लिहिलं होतं, 'खोलीच्या तापमानाला ठेवा.' पण संध्याकाळी दवाखाना बंद झाला की स्टोव्ह बंद होतो, आणि सकाळी येऊन पाहावं तर फुलदाणीतलं पाणी गोठलेलं असतं. नळ फुटू नयेत म्हणून रात्रभर धार सोडून ठेवावी लागते. इथे सगळे बटाटे, कांदे, लोणची हिवाळ्यात फ्रिजमध्येच ठेवतात, गोठू नयेत म्हणून. तेवढी एकच जागा गोठत नाही. म्हणून सेन्सेईंची बाटली त्यांनी सगळ्यात चांगल्या जागी ठेवली होती. त्या तुम्हाला सेन्सेई म्हणायच्या, म्हणजे गुरुजी किंवा डॉक्टर, दोन्ही.

ताई, आपण दोघंही गार पडलो. आपल्याला माहीत होतं, हे जंतू रक्तात दांडगे असतात, पण बाहेर काढून गारठवले की मरतात. त्या बाईने जपून जपून ते सगळे मारले होते. गोठण्यापासून वाचवायला थंडीत ठेवले होते. त्या मुलीचासुद्धा. असा घोळ जगात फक्त याच गावात होऊ शकतो, आणि तो फक्त काळजी घेणाऱ्याच्याच हातून होऊ शकतो.

तुम्ही शांतपणे चहा संपवलात. मग मला म्हणालात, "मिलिंद, गाडीवरचा बर्फ काढून ये."

"आत्ता? अजून निघायला वेळ आहे. परत साचेल."

"साचला तर परत काढ."

मी फावडं घेऊन बाहेर गेलो आणि मनातल्या मनात तुम्हाला बोलत राहिलो. आत आलो तेव्हा तुम्ही दोघी उभ्या होतात. कुदो-सानचे डोळे लाल होते, पण रॉकेलच्या स्टोव्हने माझेही चुरचुरत होते. तुम्ही माझ्यासमोर त्यांना एवढंच म्हणालात, की यापुढे बाटलीसाठी मी एक पिशवी शिवून पाठवते, ती वापरा. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून निरोप दिला. घाट उतरताना मी विचारलं, "सांगितलंत का त्यांना?"

"काय सांगायचं ते सांगितलं."

"म्हणजे पिशवीचं. त्या मुलीचं?"

"वळण आहे, पुढे बघ."

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

पिशवी तुम्ही स्वतः शिवलीत. तुमच्या दोन सुती साड्या फाडून, आत थर घालून, बारीक धावदोऱ्याने. दह्याच्या पातेल्याचीच गोधडी, फक्त लहान. ती खोक्यात ठेवायची, शेजारी गरम पाण्याची पिशवी, आणि कुदो-साननी रात्री ते खोकं घरी न्यायचं, जिथे माणसं झोपतात. बैठकीत तुम्ही ती पिशवी टेबलावर ठेवलीत आणि गाव आणखी एक हिवाळा यादीत राहू दे म्हणालात. यादी ठरवणाऱ्या साहेबांच्या चेहऱ्यासमोर ती किनारीची पिशवी! मला हसू आवरेना. पण गाव राहिलं. आणि बर्फ वितळायच्या आत तुमचा फोन आला, "वरच्या गावातून उगवलं रे!" एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याचं रक्त होतं. जंतू कळला, औषध बदललं, म्हातारा चालत घरी गेला. तुम्ही प्रयोगशाळेत सगळ्यांना शिरा वाटलात.

मी मात्र सोडायला तयार नव्हतो. तुमची इमारत आमच्या शेजारची, त्यामुळे सकाळी कचरा टाकतानाही आपण भांडायचो. तुम्ही प्लॅस्टिक वेगळं करत असायच्या आणि मी म्हणायचो, "ताई, त्या बाईला कळायला हवं. तिच्या हातून काय झालं हे तिला माहीत नसेल तर तुम्ही तिला लहान मूल समजता." कधी म्हणायचो, "आणि त्या मुलीच्या आईला? सईच्या बाबतीत असं झालं असतं तर मला कळायला हवं होतं." तुम्ही म्हणायच्या, "हो." नुसतं हो. मग बाटल्यांची झाकणं काढून वेगळ्या पिशवीत टाकायच्या. मी चिडून म्हणायचो, तुम्ही जपानी झालात, कुणाला वाईट वाटू नये म्हणून खरं गिळता. सई मधेच "ओबासान, जिशो वा?" म्हणजे 'मावशी, शब्दकोश कुठाय?' असं जपानीत विचारायची, तिला तुमचा चित्रांचा शब्दकोश हवा असायचा, आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून तिला घेऊन जायच्या. गणपतीला आमच्याकडे जेवताना मी परत काढलं, तेव्हा तुम्ही माझ्या पानात आमटी वाढलीत. मी म्हटलं, "ही आमटी म्हणजे उत्तर नाही." तुम्ही म्हणालात, "मग भात घे."

मला वाटायचं, तुमच्यात हे एक भित्रेपण आहे. एवढ्या मोठ्या बाईत हे एवढंसं. मी ते माफ केलं होतं, असंही मला वाटायचं.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा आपल्या आजाराबद्दल मात्र स्वच्छ बोललात. डॉक्टरांनी काय सांगितलं, किती आशा आहे, सगळं, अनघाला आणि मला समोर बसवून. शेवटच्या भेटीत खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि तुम्ही उशीला टेकून बसला होतात. इतकं बोलण्यासारखं होतं. तुमच्यामुळे आम्ही इथे टिकलो हे सांगायचं होतं. परक्या गावात अनघाला आई आणि सईला आजी मिळाली हे सांगायचं होतं. त्यातलं काही तोंडातून निघेना, म्हणून मी जे येत होतं तेच काढलं. म्हटलं, "ताई, आता तरी कुदो-सानना सांगू द्या. हवं तर मी सांगतो."

तुम्ही म्हणालात, "तुझं बरोबर आहे रे. सांगायलाच हवं असतं."

एवढंच. मी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा मनात म्हटलं, पटलं एकदाचं. आणि खालपर्यंत पोचेस्तोवर तेच खटकायला लागलं, कारण तुम्ही अशा सहज हार मानणाऱ्या नव्हतात. मला वाटलं, थकल्यात.

प्रयोगशाळेत तुमच्यासाठी सगळे जमलो, तेव्हा तुमचा तो न हसणारा फोटो आणि पांढरी फुलं होती. कुदो-सान आल्या. पहाटेची बस धरून, घाट उतरून, दोनदा गाडी बदलून. पण त्या आधी फोटोकडे आल्याच नाहीत. कोट उघडला, आत पोटाशी बांधलेली तुमची पिशवी काढली आणि सरळ तुमच्या मदतनीस मोरी-सानच्या हातात दिली. रात्री गावातल्या एका म्हातारीला ताप चढला होता. रक्त घेतलं होतं, तिला शहरात रवाना केलं होतं. "येतच होते," त्या म्हणाल्या, "म्हणून घेऊन आले." मग हात धुतले आणि तुमच्यासमोर येऊन वाकल्या.

नंतर मी त्यांना बाहेर गाठलं. तुम्ही परवानगी दिली होतीत असं मी धरून चाललो होतो. मनात वाक्यं जुळवली होती. मी "कुदो-सान, त्या मुलीची बाटली..." एवढं म्हणालो आणि त्यांनी हात वर केला.

"सेन्सेईंनी मला त्याच दिवशी सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बर्फ काढायला गेला होता तेव्हा."

ताई, मी विचारलं, काय सांगितलं?

तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंत म्हणे. स्वतः समोर खाली बसलात. म्हणालात, त्या मुलीच्या बाटलीत जंतू होता, तो फ्रिजमध्ये मेला. कान आजाराने गेले, बाटलीमुळे नाही; पण कोणत्या जंतूने, हे त्यामुळे कळलं नाही. मग म्हणालात, "तो कागद मी लिहिला. गरम खोलीत बसून 'खोलीचं तापमान' लिहिलं. तुमची खोली मी पाहिलीच नव्हती. चूक माझी आहे. पण तुम्हाला कळायला हवं." 

"मी रडले," कुदो-सान म्हणाल्या. "कामाच्या जागी मी कधी रडलेली नाही. सेन्सेईंना म्हटलं, हे कुणाला कळू देऊ नका. चूक लपवा असं नाही म्हटलं. चूक मी दुसऱ्या दिवशी स्वतः त्या मुलीच्या घरी जाऊन सांगितली. तिच्या आईने ऐकून घेतलं, मग चहा दिला. पण मी रडले हे कुणाला कळू नये, एवढं मागितलं."

आणि तुम्ही एवढं दिलंत. सांगितलं म्हणालात तर मी पुढे विचारणार, मग त्या काय म्हणाल्या, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत. कचऱ्याच्या पिशव्यांपाशी, आमटीच्या पातेल्यापाशी, माझी सगळी बोलणी खाल्लीत. मी तुम्हाला भित्र्या समजत राहिलो आणि तुम्ही मला आमटी वाढत राहिलात.

मी कुदो-सानना विचारलं, हे मी लिहिलं तर चालेल का. त्यांनी विचार केला. "तुमच्या भाषेत लिहा," म्हणाल्या. "आमच्या गावात ती कुणाला येत नाही." मग पहिल्यांदाच थोडं हसल्या. "आणि सेन्सेईंनी फार दिवस सांभाळलं. आता ते ओझं त्यांच्यावर नको."

दोन दिवसांनी मोरी-सानचा फोन आला. त्या म्हातारीच्या बाटलीत वाढ झाली होती. फोनवर त्या जपानीत नेमकं सगळं सांगत होत्या आणि मी इकडे नुसतं "उगवलं, उगवलं" म्हणत होतो, अनघा स्वयंपाकघरातून धावत आली. म्हातारी शहरातल्या रुग्णालयात आहे, नेमकं औषध सुरू झालंय, उतार आहे. पण एक गोष्ट होती. गावात डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं आणि कुदो-साननी टोचलेलं पहिलं औषध या जंतूवर चालत नव्हतं. दवाखान्याला ते कळवायला हवं होतं, पुढच्या वेळी तेच दिलं जाऊ नये म्हणून. मोरी-सान म्हणाल्या, फॅक्स तयार आहे, पाठवतेय.

वरच्या गावातलं फॅक्सचं यंत्र मला आठवलं. ते बाहेरच्या खोलीत आहे, स्टोव्हजवळ, जिथे सगळं गाव चहा पीत बसतं.

मी म्हटलं, "फॅक्स थोडा थांबवा. आधी फोन करा." त्या म्हणाल्या, "मिलिंद-सान, तुम्हीच बोला. तुम्हाला त्या ओळखतात. मी लाइनवर राहते, औषधाचं मी समजावते."

फोन लागला. मागे माणसांचे आवाज होते, कुणीतरी हसत होतं, कपबश्या वाजत होत्या. इतकी वर्षं मी तुम्हाला ओरडून सांगत होतो, की खरं सांगायला हवं. ते कसं सांगतात, हे तुम्ही मला बाहेर पाठवून शिकवलंत, आणि मी फावडं आपटत होतो.

मी म्हणालो, "कुदो-सान, आत्ता जवळ कुणी आहे का?"

त्या म्हणाल्या, "थांबा. दार लावून येते."

मी थांबलो, ताई.